एक किलोचा उपग्रह



व्याख्यानमालेच्या पत्रकावर माझ्या नावापुढे ‘लहान उपग्रह’ हा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकापुढे सभा घेण्यात आणि मजुरीच्या हिशेबाची कागदपत्रे चाळण्यात गेले, त्याने आकाशातल्या यंत्रांविषयी बोलावे हे जरा विचित्रच. परंतु आमच्या धंद्याची एक सवय आहे. कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही तीन प्रश्न विचारतो. याची चाचणी कोठे झाली? त्या चाचणीचा खर्च कुणी सोसला? आणि चाचणी फसली तर कुणाचे काय जाणार? हेच तीन प्रश्न मी उपग्रहांना लावून पाहिले. त्यांची जी उत्तरे वाचनातून हाती लागली, ती आपल्यापुढे ठेवावयाची आहेत.

आपल्या तालुक्याचे गाव हिंगणघाट. कापसासाठी ते सर्वांना ठाऊक आहे. पण पृथ्वी मोजण्याच्या इतिहासातही त्याचे नाव आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. वीस वर्षे तो मोजीत मोजीत उत्तरेकडे येत राहिला आणि १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथे आहे. त्याचे कोन मोजण्याचे मुख्य यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. डोंगरमाथ्यावर आणि देवळांच्या गोपुरांवर ते माणसांनी चढविले. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढविताना दोर तुटून ते आपटले आणि त्याची मुख्य चकतीच वाकली. दुसरे यंत्र जवळ नव्हते. लॅम्बटनने स्वतःला कोंडून घेऊन कित्येक आठवडे ठोकून-ठाकून ते सरळ केले. यंत्र मोठे, मोलाचे आणि एकच एक असले म्हणजे एका दोराच्या तुटण्याने सारे काम कसे अडते, याचा हा नमुना आहे.

उपग्रहांचीही पुष्कळ वर्षे अशीच गेली. उपग्रह म्हणजे शेकडो किलोंचा, कोट्यवधी खर्चाचा आणि पुष्कळदा एकच एक. त्यात बसवावयाचा प्रत्येक भाग आधी अवकाशात चाललेला, पारखलेला हवा. नव्या भागाला विचारीत, ‘तू पूर्वी वर जाऊन आला आहेस काय?’ तो म्हणे, ‘नाही.’ ‘मग तुला घेणार नाही.’ आणि घेतल्यावाचून तो वर जाणार कसा? आपल्या आय.टी.आय. पास झालेल्या पोरांना हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही.

कुणी म्हणेल, चाचणी जमिनीवरच करावी. ती करतातच. यंत्र कंपनाच्या मेजावर ठेवून खडखडा हलवितात, कारण अग्निबाण उडताना तसेच हलतो. निर्वात पेटीत घालून तापवितात आणि गोठवितात. पण अवकाशाचे सारे हाल एकाच वेळी जमिनीवर उभे करता येत नाहीत. वर हवा नाही, म्हणून वारा लागून यंत्र थंड होत नाही. नेहमीचे वंगण उडून जाते. पृथ्वीजवळचा उपग्रह दीड तासाच्या आसपास एक फेरी घालतो, म्हणजे दिवसात सुमारे पंधरा फेऱ्या. प्रत्येक फेरीत कडक ऊन आणि काळोखी गारठा. आपण मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांनी हैराण होतो. तेथे दिवसातून पंधरा वेळा उन्हाळा आणि पंधरा वेळा हिवाळा. त्यातून सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणारे वेगवान कण यंत्राच्या स्मरणात घुसतात आणि शून्याचा एक करून ठेवतात. शेवटची परीक्षा वरच द्यावी लागते. मग प्रश्न उरतो तो परीक्षेच्या फीचा.

ती फी कमी करण्याची युक्ति १९९९ साली अमेरिकेत निघाली. कॅलिफोर्नियातील दोन प्राध्यापक, जोर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज, यांना आपल्या विद्यार्थ्यांकडून शिक्षण चालू असतानाच एक उपग्रह पुरा करून घ्यावयाचा होता. त्यांनी एक माप ठरविले. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दहा सेंटिमीटर. वजन सुमारे एक किलो. याला ‘क्यूबसॅट’ म्हणजे घनाकृति उपग्रह म्हणतात. अधिक जागा हवी असल्यास दोन, तीन, सहा किंवा बारा घन जोडावयाचे. पण माप सोडावयाचे नाही. असे पहिले उपग्रह २००३ च्या जूनमध्ये रशियाच्या अग्निबाणातून वर गेले.

दहा सेंटिमीटर म्हणजे पावशेर चहाचा डबा. एवढ्या डब्यात काय क्रांति झाली, असे आपण म्हणाल. क्रांति आकारात थोडी आणि मापात फार होती. हे कापसाच्या मुलखात समजावयास सोपे आहे. आपल्या प्रेसमधून रुईची गाठ बाहेर पडते ती १७० किलोच्या ठरलेल्या मापाची. कापूस कुणाच्या शेतातला, गाठ कोणत्या प्रेसची, हे ट्रकवाल्याने पाहावयाचे नसते. माप ठाऊक असल्यामुळे ट्रकात किती गाठी बसतील आणि गोदामात थप्पी कशी लागेल, हे आधीच ठरलेले असते. या घनांचेही तसेच झाले. त्यांच्यासाठी एक स्प्रिंगची पेटी केली. पेटी अग्निबाणाला बसवावयाची. वर गेल्यावर दार उघडते, स्प्रिंग दाबातून सुटते आणि घन बाहेर ढकलले जातात. आत कुणाचा उपग्रह आहे, त्याने अग्निबाणवाल्याला फरक पडत नाही. घन बिघडला तरी तो पेटीत बंद असल्यामुळे शेजारच्या मोठ्या उपग्रहाला इजा होत नाही. आपल्या हमरस्त्यावरून नागपूर-हैदराबाद जाणाऱ्या भरल्या ट्रकात कोपरा रिकामा असला, तर ड्रायव्हर एखादे पोतेही घेतो. तसा मोठ्या उपग्रहाच्या सोबतीने हा डबा जाऊ लागला.

या डब्यांतून कोणत्या परीक्षा झाल्या, ते थोडक्यात सांगतो. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच श्रीहरिकोट्याहून इंग्लंडमधील सरे येथील एक छोटा उपग्रह गेला. त्याच्या पोटात दुकानात मिळणारा मोबाइल फोन होता. दोन महिन्यांनी अमेरिकेच्या नासा संस्थेने तसेच तीन उपग्रह सोडले. प्रत्येकाच्या सुट्या भागांचा खर्च साडेतीन हजार ते सात हजार डॉलरांच्या दरम्यान होता. विचारावयाचे होते ते एवढेच की बाजारातला फोन अवकाशात उपग्रहाचा मेंदू म्हणून चालतो काय? तो चालला. त्यांनी पृथ्वीची छायाचित्रे पाठविली आणि आठवडाभराने ते वातावरणात येऊन जळून गेले.

२०१८ च्या मे महिन्यात मंगळाकडे निघालेल्या एका मोठ्या यानाबरोबर साडेतेरा किलोंचे दोन छोटे उपग्रह सोडले. एवढे लहान यान ग्रहांमधल्या पोकळीत टिकेल की नाही, याची शंका होती. नोव्हेंबरच्या २६ तारखेला मोठे यान मंगळावर उतरत असताना त्याची प्रत्येक खबर या दोन पोरांनी पृथ्वीकडे पोचविली. २०१९ मध्ये पाच किलोंच्या एका उपग्रहाने ३२ चौरस मीटरचे पातळ शीड उघडले आणि केवळ सूर्यप्रकाशाच्या दाबावर आपली कक्षा बदलून दाखविली. हा प्रयोग अमेरिकेतील एका नागरिक-संस्थेने हजारो सामान्य माणसांच्या वर्गणीतून केला, हे संघटनेच्या माणसाला विशेष वाटते. २०२२ मध्ये पंचवीस किलोंचे एक यान चंद्राभोवतीची एक नवी कक्षा तपासावयास गेले. मोठे स्थानक पुढे जेथे उभारावयाची योजना होती, ती वाट आधी या लहानाने चालून पाहिली. वाटेत इंजिनाची एक झडप अडकून ते गरगरू लागले होते. जमिनीवरच्या माणसांनी काही आठवडे झगडून ते सावरले. झडप अडकू शकते, आणि अडकल्यावर काय करावे, हे पंचवीस किलोंच्या किमतीत शिकावयास मिळाले.

आता आपल्या घराकडे येऊ. लहान सुरुवात करण्याची रीत भारताला नवी नाही. आपला पहिला उपग्रह ‘आर्यभट’ बंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील पत्र्यांच्या शेडमध्ये तयार झाला. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएट अग्निबाणाने तो वर नेला. वजन ३६० किलो. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग चार-पाच दिवसांतच थांबले. पण उपग्रह कसा बांधावा आणि त्याच्याशी कसे बोलावे, हे येथील माणसे शिकली. पुढे १९ जून १९८१ रोजी ‘ॲपल’ हा दळणवळणाचा प्रायोगिक उपग्रह गेला. युरोपचा अग्निबाणही त्या वेळी चाचणीतच होता, म्हणून आपणास जागा फुकट मिळाली. या उपग्रहाची एक चाचणी करताना त्याला बैलगाडीवर ठेवले होते, कारण लोखंडी गाडीने रेडिओच्या मोजणीत अडथळा आला असता. ते छायाचित्र पाहून काही परदेशी लोक हसले असतील. आपण बंडीवर बसणारी माणसे. आपणास त्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही. ज्या कामास लाकडी चाक योग्य, तेथे लाकडी चाक वापरावे, यालाच अक्कल म्हणतात.

आणि मग पुण्याच्या पोरांची गोष्ट. १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ साली एक घन-उपग्रह बांधावयास घेतला. नाव ठेवले ‘स्वयम्’. वजन ९९० ग्रॅम, म्हणजे किलोलाही दहा ग्रॅम कमी. एका बॅचने काम करावे, परीक्षा देऊन निघून जावे, आणि दुसरीने वह्या वाचून ते पुढे न्यावे, असे आठ वर्षे चालले. १७० हून अधिक विद्यार्थ्यांचे हात त्याला लागले. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून वीस उपग्रह घेऊन एक अग्निबाण उडाला. त्यात ७२७ किलोंचा सरकारी कार्टोसॅट होता आणि त्याच्या सोबतीला हा स्वयम् होता.

स्वयम्‌ने करावयाची परीक्षा मला फार आवडली, म्हणून ती नीट सांगतो. उपग्रहाला वर सोडल्यावर तो कोलांट्या खाऊ लागतो. त्याचा अँटेना नीट दिशेस राहिला नाही तर संदेश पोचत नाही. मोठ्या उपग्रहात यासाठी फिरती चाके किंवा इंधनाचे फवारे असतात. त्यांना वीज लागते, जागा लागते, पैसा लागतो. या विद्यार्थ्यांनी आत एक कायमचा लोहचुंबक बसविला. पृथ्वी स्वतःच मोठा चुंबक आहे, म्हणून होकायंत्राची सुई जशी वळते तसा हा सारा उपग्रहच पृथ्वीच्या चुंबकीय रेषेत वळू लागतो. पण सुई वळताना इकडेतिकडे डुलत राहते. तो डोल मारण्यासाठी त्यांनी विशिष्ट धातूच्या काड्या घातल्या. डुलण्याची शक्ति त्या काड्यांत किंचित उष्णतेच्या रूपाने जिरून जाते आणि उपग्रह शांत होतो. विजेचा एक कणही खर्च न करता दिशा सांभाळावयाची, असा हा बेत होता. हौशी रेडिओवाल्यांचे छोटे संदेश एका ठिकाणाहून घेऊन दुसरीकडे पोचविणे, हे त्याचे दुसरे काम. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोंचा ‘प्रथम’ उपग्रह गेला. वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉन मोजणे हे त्याचे काम होते.

पुढे याहूनही स्वस्त वाट इस्रोने काढली. उपग्रह सोडून झाल्यावर अग्निबाणाचा चौथा टप्पा रिकामा फिरत राहतो. पूर्वी तो केरातच जमा होई. आता त्यालाच वीज आणि दिशा सांभाळण्याची सोय देऊन इतरांच्या प्रयोगांसाठी ओटा केला आहे. त्याला ‘पोएम’ म्हणतात. ज्याच्यापाशी अख्खा उपग्रह बांधण्याची ऐपत नाही, त्याने आपली वस्तू या ओट्यावर ठेवावी. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात अशा २४ वस्तू होत्या. त्यात पुण्याच्या एम.आय.टी. विश्वशांती विद्यापीठाची एक, मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशी वाढविण्याचा एक प्रयोग, आणि मुंबईच्याच एका तरुण कंपनीचे कमी विषारी इंधनाचे यंत्र होते. इस्रोने एका डबीत चवळीचे, म्हणजे आपल्याकडच्या बरबटीचे, आठ दाणे ठेवले होते. चार दिवसांत त्यांना कोंब फुटले आणि पुढे पानेही दिसली. त्याच अग्निबाणातून सुमारे २२० किलोंचे दोन जुळे उपग्रह गेले होते. १६ जानेवारी २०२५ रोजी ते अवकाशात एकमेकांस जोडले गेले आणि ही विद्या साधणारा भारत जगातील चौथा देश ठरला. चांद्रयानासारख्या मोठ्या कामात पुढे लागणारी विद्या आधी दोन लहान यानांवर घोटून घेतली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके झाले. आता तिसरा प्रश्न आधी घेतो. चाचणी फसली तर कुणाचे काय जाणार?

७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोचा नवा लहान अग्निबाण पहिल्यांदा उडाला. त्यात ‘आझादीसॅट’ नावाचा आठ किलोंचा उपग्रह होता. देशभरच्या ७५ ग्रामीण शाळांतील ७५० मुलींनी त्याचे भाग जुळविले होते. दुसरा टप्पा सुटताना काही क्षण जोराचे कंप झाले. वेग मोजणारी उपकरणे त्यामुळे गोंधळली आणि यंत्राच्या बुद्धीने ती नादुरुस्त समजून दूर सारली. उपग्रह हव्या त्या गोल कक्षेत न जाता एका बाजूस केवळ ७६ किलोमीटर उंचीवर येणाऱ्या कक्षेत पडले आणि गेले. मुलींना रडू आले असेल. पण कुणाचा जीव गेला नाही, कुणाची रोजी गेली नाही. कारण शोधले, ते जाहीर केले, दुरुस्ती केली. आणि सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच जातीच्या अग्निबाणातून मुलींचा दुसरा उपग्रह योग्य कक्षेत पोचला.

बंधुभगिनींनो, हे वाचताना मला आमच्या बाजूची एक घटना आठवली. एका जिनिंग कारखान्यात नवे यंत्र बसविले होते. त्याचा जाळीचा पत्रा यावयाचा होता. हंगाम तोंडावर, गाड्यांची रांग लागलेली. म्हणून पत्र्यावाचूनच यंत्र सुरू केले. तिसऱ्या दिवशी एका मजुराच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. चौकशीत उत्तर मिळाले, ‘यंत्र अजून चाचणीवर होते.’ चाचणीवर यंत्र होते की मजूर होता, हा प्रश्न आम्ही त्या वेळी विचारला. नुकसानभरपाईचे पैसे चौदा महिन्यांनी मिळाले. कारखान्याचे नाव येथे घेत नाही, कारण मला एका कारखान्याविषयी बोलावयाचे नाही. पुष्कळ ठिकाणी चाचणी अशीच होते. ज्याच्या अंगात नुकसान सोसण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्याच अंगावर ती करतात.

म्हणून लहान उपग्रहाची मला वाटणारी खरी थोरवी ही की त्याने चुकण्याची किंमत मुद्दाम आणि आधीच खाली आणली. चूक होणार हे धरून चालले. ती होईल तेव्हा एक डबा जळेल, माणूस जळणार नाही, अशी मांडणी केली. आणि झालेली चूक सर्वांपुढे मांडली. हीच रीत कारखान्यात, शेतात आणि सरकारी योजनांतही यावी, एवढे आमचे मागणे आहे. नवे बियाणे असो, फवारणीचे औषध असो की मजुरीचा नवा हिशेब. आधी लहान तुकड्यावर पाहा, नुकसानीचा बंदोबस्त आधी करा, आणि निकाल लपवू नका.

आता दुसरा प्रश्न. खर्च कुणी सोसला? ‘स्वस्त’ हा शब्द ऐकला की कामगाराने कान टवकारावे. वस्तू स्वस्त होते तेव्हा कुणीतरी कोठेतरी कमी घेतलेले असते. उपग्रह स्वस्त होण्याची काही कारणे निर्मळ आहेत. माप ठरले, जागा सोबतीची मिळाली, आणि फोनसाठी लाखोंनी निघणारे सुटे भाग वापरता आले. पण ते लाखो भाग जोडणारे हात आशियाच्या कारखान्यांत पाळीपाळीने राबतात, हे कोणत्याही उपग्रहाच्या हिशेबात दिसत नाही. विद्यार्थ्यांनी आठ वर्षे रात्री जागून केलेले कामही खर्चाच्या रकान्यात येत नाही. शिकताना काम करणे हा मान आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण उद्या याच कामावर कंपन्या उभ्या राहतील, तेव्हा ‘शिकावयास मिळते ना?’ म्हणून पोरांना वर्षानुवर्षे बिनपगारी राबवू नये. उमेदवारीचा पगार हा जुना प्रश्न आहे. अवकाशात गेला म्हणून तो सुटत नाही.

खर्चात आणखी एक बाब धरावी लागते, ती केराची. डबे स्वस्त झाले म्हणजे पुष्कळ होतात. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी आपल्या एकाच अग्निबाणाने १०४ उपग्रह सोडले, त्यांतील बहुतेक लहान. काम संपलेला उपग्रह ताशी सत्तावीस हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत राहतो. त्याचा एवढासा तुकडा दुसऱ्याला फोडू शकतो. जेवण स्वस्तात झाले म्हणून पत्रावळी अंगणात टाकून जावयाचे नसते. इस्रोने एका पोएमला काम संपल्यावर खाली आणले आणि तो २१ मार्च २०२४ रोजी प्रशांत महासागरावर वातावरणात शिरला, मागे केर ठेवला नाही. २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा केरमुक्त करण्याचा संकल्पही जाहीर झाला आहे. तो पाळला जातो की नाही, हे आपण विचारीत राहिले पाहिजे.

‘पोटाला भाकर नाही आणि आकाशात डबे कशाला?’ हा प्रश्न सभेत नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर वर्ध्याच्या मातीतूनच देतो. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी पाहा: सामान्य झोपडीत चालावा, बाईला फार श्रम न होता आठ तास चालविता यावा, आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी. बक्षीस कुणालाच मिळाले नाही, पण अटींकडे लक्ष द्या. यंत्र कुणासाठी आणि कुणाच्या ऐपतीचे, हे यंत्र बांधण्याआधी ठरविले होते. विज्ञानाला नको म्हणणे ही ती दृष्टि नव्हती. विज्ञानाला अट घालणे ही ती दृष्टि होती. उपग्रहालाही आपण अट घालावी.

आणि ती घालण्याचा हक्क आपणास आहे, कारण उपग्रह आपल्या भाकरीपर्यंत येऊन पोचला आहे. पंतप्रधान पीकविमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधताना उपग्रहाच्या माहितीला किमान ३० टक्के वजन देण्याचे ठरले. २०२४ च्या खरिपापासून त्यात सोयाबीनही आले. सोयाबीन म्हणजे तुमचे-आमचे शेत. शेंगा भरल्या की नाहीत, याची साक्ष आता आकाशातूनही होणार. साक्षीदार खोटा असेल असे मी म्हणत नाही. पण ढगांतून त्याला किती दिसते, त्याचा चौकोन एका शेताचा की दहा शेतांचा, आणि त्याची पारख कुणी केली, हे ज्याला विचारता येत नाही, त्याच्या तोंडावर निकाल फेकला जातो. आम्ही कामगारांनी मजुरीचे तक्ते वाचावयास शिकून घेतले, तेव्हाच मालकाच्या कारकुनाशी बोलता आले. त्यापूर्वी नुसते ओरडत होतो.

म्हणून माझी सूचना लहानच आहे, विषयाला शोभेल अशी. या गावच्या शाळेच्या गच्चीवर एक साधा अँटेना बसवावा. आकाशातून जाणाऱ्या अशा छोट्या उपग्रहांचे संकेत ऐकण्यास राजवाडा लागत नाही. तारेचा अँटेना, एक रेडिओ-ग्राहक, एक संगणक आणि शिकविणारा एक माणूस पुरतो. मुंबईच्या ‘प्रथम’च्या विद्यार्थ्यांनी इतर महाविद्यालयांनाही असे अँटेना उभारावयास मदत केली होती. वायरमनचे काम जाणणारी पोरे या गावात आहेत, आणि गणितात हुशार मुली तर वर्गावर्गांत आहेत. गावाने वर्गणी काढावी, आमची युनियन आपला वाटा देईल. पहिल्या वर्षी कदाचित नुसती खरखर ऐकू येईल. अँटेना वाकडा असेल, तो सरळ करावा. जोड सुटला असेल, तो पुन्हा डाग द्यावा. वहीत तारीख घालून लिहून ठेवावे की आज अमुक चुकले. पुण्याच्या पोरांनी आठ वर्षे हेच केले, आणि पुढच्या बॅचला वही वाचूनच पुढचे पाऊल टाकता आले.

वही कुणी ठेवावयाची, एवढे आज येथून उठण्यापूर्वी ठरवू या. अध्यक्षांची परवानगी असेल तर नावे मी लिहून घेतो.